लागत नाही, पण असू द्या

बारावीचा निकाल लागला की पेणच्या झेरॉक्सवाल्यांची सुगी गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होते. रोह्यातही तेच. महाविद्यालयाच्या फलकावर ‘प्रवेशासाठी आवश्यक कागदपत्रे’ अशी यादी लागते. यादीच्या शेवटी ‘इतर’ अशी एक नोंद असते आणि सगळी गोम त्या ‘इतर’मध्ये असते. खिडकीपाशी सकाळपासून जो संवाद चालतो तो साधारण असा:

“सर, अ‍ॅफिडेव्हिट लागतं का?”

“लागत नाही.”

“मग नको ना?”

“लागत नाही, पण असू द्या.”

या पाच शब्दांत आपल्या उच्च शिक्षणातलं सगळं प्रवेशशास्त्र सामावलेलं आहे. संसदेचा कायदा, विधिमंडळाचा कायदा, विद्यापीठाचं परिपत्रक आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हे सगळे एका बाजूला उभे राहिले तरी खिडकीवर चालतं ते या पाच शब्दांचंच. ‘कायद्यांमुळे प्रवेश अवघड झालाय हो’ असं रांगेतला प्रत्येक बाप म्हणतो आणि आजूबाजूचे माना डोलावतात. माझं म्हणणं उलटं आहे. कायद्यानं मागितलेले कागद एका पातळ फाईलीत मावतात. बाकीची जाडी ‘असू द्या’ची असते.

आधी कायद्याची बाजू ऐकून घेऊ, कारण त्या बिचाऱ्याची बदनामी फार झाली आहे. गेली वीसेक वर्षं तो कागद कमी करत मागे मागे सरकतोय आणि त्यानं सोडलेली जागा खिडकी लगोलग व्यापतेय. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारनं २००४ सालीच माफ केलं. माफीचा तो आदेश मंत्रालयातून निघाला खरा, पण वडखळ नाक्यावरच्या वाहतूक कोंडीत अडकला असावा. कारण कचेरीबाहेरच्या टायपिस्टच्या टेबलापर्यंत तो अजून पोचलेला दिसत नाही. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे हे लक्षात घेता हा उशीर क्षम्य मानायला हवा. पुढे ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानं प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वतःची सही चालेल असं सांगितलं. म्हणजे आपल्या झेरॉक्सवर आपणच सही करून ‘ही खरी आहे’ असं म्हणायचा अधिकार आपल्याला मिळाला. पण स्वतःवर इतका विश्वास टाकायची आपल्याला सवय कुठे? “सेल्फ अटेस्टेड चालेल ना?” “चालेल की. पण वर गोल शिक्का असला तर बरं.” पेणच्या कारखान्यात मूर्ती कितीही सुबक उतरली तरी डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय तिच्यात देव दिसत नाही, आपल्याकडे कागदाचं गोल शिक्क्याशी तसंच नातं आहे. फरक एवढाच, की आखणी करणारा कारागीर मूर्तीकडे नीट बघतो.

२०१७ साली डिजिलॉकरमधल्या कागदाला मूळ कागदाचा दर्जा मिळाला. विद्यार्थ्यानं मोठ्या ऐटीत मोबाइल पुढे केला की उत्तर येतं, “ते दिसतंय हो, पण त्याची प्रिंट काढा, प्रिंटची झेरॉक्स काढा आणि दोन्हीवर सही करा.” २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं ठणकावून सांगितलं, की विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं त्याच्यासमोर पडताळायची आणि तिथल्या तिथे परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. त्याच आदेशात असंही आहे, की प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी कुणी प्रवेश रद्द केला तर फी पूर्ण परत द्यायची. प्रक्रिया खर्च म्हणून फार तर ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या आत, कापायचे. हा नियम विद्यार्थ्याच्या इतका सोयीचा आहे, की तो फलकावर लावायला कुणालाच टाचणी सापडत नाही. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थांना आधारची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं. तेव्हापासून आधार सक्तीचं नाही. त्याच्याशिवाय अर्जाचं पुढचं पान उघडत नाही, एवढंच.

आता जो कागद कायदा खरोखरच मागतो त्याचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रानं देशाच्या बराच आधी, १९९९ साली केला. २००९ साली हिमाचलमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्याचा जीव गेल्यावर आयोगानं देशभरासाठी नियम काढले आणि विद्यार्थी व पालक दोघांनी हमी द्यावी असं ठरवलं. त्यामागचं कारण इतकं खरं आहे, की त्याची थट्टा करायची कुणाची छाती होणार नाही. आयोगानं पुढे हमीपत्र ऑनलाइन भरायचीही सोय केली. पण सोय झाली म्हणून जुनी पद्धत बंद करायची, असा आपल्याकडे रिवाज नाही. त्यामुळे हमीपत्र आधी ऑनलाइन भरायचं, मग छापायचं, मग त्यावर फोटो डकवायचा, मग वडिलांची सही, वडील कामावर असतील तर उद्या, आणि उद्या ‘सर्व्हर डाऊन’. ज्याला अजून कॅन्टीन कुठे आहे हेही ठाऊक नाही, तो मुलगा आपण कुणाला छळणार नाही असं लिहून देतो. आणि तेवढं लिहून द्यायच्या खटाटोपात तो, त्याचे आईवडील आणि सायबर कॅफेवाला असे चौघे छळून निघतात. महाविद्यालयातला पहिला छळ हा छळबंदीच्या अर्जाचा असतो.

नावाचं प्रकरण याहून नाजूक. पेण तालुक्यात म्हात्रे ढिगानं आणि इंग्रजीत त्या म्हात्र्यांमधला एच कुठे बसवायचा याबद्दल दहावीचा बोर्ड, आधार केंद्र आणि बँक यांची तीन स्वतंत्र मतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बापाच्या नावापुढे ‘राव’ लावलेला, रेशनकार्डावर तो गळलेला. मग ‘वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’ असं प्रतिज्ञेवर सांगावं लागतं. वेदान्ताला जे अद्वैत समजवायला ग्रंथ लागले ते इथे नोटरीच्या टेबलावर दहा मिनिटांत सिद्ध होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात किमान मुद्रांक शंभरावरून पाचशेवर गेला, म्हणजे एकच माणूस असणं पाचपट महाग झालं. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांना हा भुर्दंड नाही, ते शुल्क २००४ पासून माफ आहे, असं सरकारला पुन्हा समजावून सांगावं लागलं. पण ते ऐकायला स्टँपच्या रांगेतून बाहेर यावं लागतं आणि नंबर जाईल म्हणून कुणी येत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येणार आहे. निर्णय उत्तम आहे. ही मुलं २०४२ च्या सुमारास खिडकीवर येतील तेव्हा मात्र अर्जावरच्या नावाच्या चौकटी वाढवून ठेवलेल्या असाव्यात. सध्या त्या ‘सूर्यकां’पाशीच संपतात.

पण कागदाचा खरा पराक्रम पाहायचा तर राखीव जागेच्या अर्जाकडे वळायला हवं. ओबीसी विद्यार्थ्याला आपलं कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी कुठे राहत होतं ते दाखवावं लागतं. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधी. तारखांना कायदेशीर आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलीला कॉलेजात जाण्यासाठी आधी आजोबांच्या शाळेत जावं लागतं. तिथल्या जनरल रजिस्टरात आजोबा सापडतात, उतारा मिळतो, आणि त्या उताऱ्यावर जिल्हा लिहिलेला असतो ‘कुलाबा’. त्यानंतर कुठल्याही टेबलावर जे घडू शकतं ते असं:

“आजोबा मुंबईचे का?”

“नाही, नागोठण्याचे.”

“मग हे कुलाबा?”

“आपलाच जिल्हा. १९८१ ला त्याचं रायगड झालं.”

“तसं काही लेखी आहे का?”

म्हणजे इतक्या वर्षांनी नातीच्या प्रवेशासाठी अख्ख्या जिल्ह्यानं आपलं नाव बदलल्याचा पुरावा आणायचा. तरी ही मुलगी नशीबवान म्हणायची, कारण तिचे आजोबा निदान शाळेत गेले होते. कातकरवाडीवरच्या मुलाचे आजोबा गेलेच नसतील तर १९५० चं रजिस्टर आणायचं कुठून? पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, जमातीच्या दाव्याची पडताळणी ठाण्याला. ज्या कातकऱ्यांना सरकारनंच आदिम जमात म्हणून वेगळं नोंदवलं, त्यांच्याच मुलाला ‘ओळख पटवा’ म्हणायचं, हा विनोद सरकारी असल्यामुळे त्यावर हसायला परवानगी कोणाची घ्यायची ते कळत नाही.

इथे सुज्ञ वाचक हरकत घेईल, की कागद नाही घेतले तर लबाडांचं फावेल. हरकत रास्त आहे. बोगस दाखले काही कल्पनेतले नाहीत. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं ज्या निकालात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली, तो खटला महाराष्ट्रातल्याच वैद्यकीय प्रवेशावरून निघाला होता. त्यानंतर राज्यानं जात पडताळणीचा स्वतंत्र कायदा केला आणि तो २००१ पासून लागू आहे. तेव्हा पडताळणी हवीच. पण पडताळणी वेगळी आणि झेरॉक्स वेगळी. सातव्या झेरॉक्सवरून लबाड पकडला गेल्याचं कुणी ऐकलंय? लबाड माणूस कागदाला घाबरत नाही, त्याचं पोटच कागदावर असतं. त्याची फाईल पहिल्याच दिवशी पूर्ण असते, अनुक्रमाने लावलेली, वर प्लॅस्टिकचं कव्हर. स्पेलिंगची चूक, पुसट शिक्का, हरवलेला उतारा ही सगळी खऱ्या माणसाची लक्षणं. दाखला जिथून निघाला तिथल्या नोंदीशी तो ताडून पाहिला तरच खरंखोटं कळतं. त्याला दोन मिनिटं आणि थोडी इच्छा लागते. झेरॉक्स मागायला त्यातलं काहीच लागत नाही.

दुसरी हरकत खिडकीच्या आतून येते आणि ती अधिक वजनदार आहे. आतला क्लार्क काही दुष्ट नाही. त्याच्या डोक्यावर आयोग, उच्च शिक्षण विभाग, मुंबई विद्यापीठ आणि शिष्यवृत्ती देणारी खाती असे अनेक यजमान बसलेले असतात. प्रत्येकाचा तक्ता वेगळा, शेवटची तारीख मात्र सगळ्यांची एकच आणि ती बहुधा काल होऊन गेलेली. उद्या ऑडिट लागलं, एखाद्या फाईलीत एक दाखला कमी निघाला, तर विचारणा त्यालाच होणार. कमी कागद घेतले म्हणून मेमो मिळाल्याची कहाणी प्रत्येक कचेरीत चवीनं सांगितली जाते. जास्त घेतले म्हणून कुणाला मेमो मिळाल्याचं मात्र ऐकिवात नाही. अशा हिशेबात शहाणा माणूस काय करेल? जास्तच मागेल. आपणही त्या खुर्चीत बसलो तर पहिल्याच दिवशी आजीच्या लग्नपत्रिकेची सत्यप्रत मागू. म्हणजे ‘असू द्या’ हा त्या क्लार्कचा उतरवलेला विमा असतो. हप्ता मात्र रांगेतल्यांनी भरायचा. यात त्या क्लार्कची चूक कमी आणि हिशेबाची जास्त. जादा कागद मागणाऱ्यालाही कुणी ‘हा का घेतलात?’ असं विचारू लागलं, की हा विमा उतरवणं आपोआप महाग होईल.

मग तिसरा आरोपी उरतो, आणि तो रांगेत उभा आहे. आपण सगळे. कागद मागितले की आपण कुरकुरतो, पण न मागितले की अपमान झाल्यासारखा चेहरा करतो. “रेशनकार्ड नको?” “नको.” “ठेवा हो, एवढं आणलंय तर.” घरातल्या प्रत्येक कागदाला लॅमिनेशन करून घ्यायची आपल्याला हौस, मग त्यावर शिक्का उमटत नाही म्हणून झेरॉक्स, आणि लॅमिनेशनवर दिवा चमकतो म्हणून ती झेरॉक्सही पुसट. दिवा–रोहा गाडीत बसून किती खेपा झाल्या याच्या गोष्टी आपण पंढरीच्या वाऱ्या सांगाव्यात तशा थाटात सांगतो, आणि ज्याचा प्रवेश एका खेपेत झाला त्याच्याकडे सगळा डबा संशयानं बघतो. “आत कुणी ओळखीचं होतं का?” एका खेपेत काम होणं हे आपल्या लेखी सरळपणाचं लक्षण राहिलेलंच नाही. २०१८ चा फी परतीचा नियम किंवा २०१५ चं स्वयंघोषणापत्र खिडकीवर कुणी दाखवत नाही, कारण नियम दाखवणारा माणूस आपल्याला भांडकुदळ वाटतो. झेरॉक्स देणारा समंजस.

गंमत अशी, की या कागदपुराणावर जगाला धडा देऊ शकतील अशी दोन माणसं याच मातीतली. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून ते मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि थेट काशीला गेले. आपली शाळा-कॉलेजची सर्टिफिकिटं त्यांनी जाळून टाकली होती. दुसरे चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्यातलं, १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, पदवी केंब्रिजची. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ च्या कायद्यानं विद्यापीठ अनुदान आयोग उभा राहिला तेव्हा त्याचे अध्यक्ष. पेणच्या माणसानं कागद जाळले आणि रोह्याच्या माणसानं कागद मागणाऱ्या आयोगाची गादी सांभाळली. रायगड जिल्ह्यानं दोन्ही पर्याय देशासमोर ठेवले. आज मात्र दोघांचीही पंचाईत झाली असती. चिंतामणरावांना विचारलं गेलं असतं, “जन्म एका तालुक्यात, शाळा दुसऱ्या, मग डोमिसाईल कुठलं? केंब्रिजचं मायग्रेशन आणलंय? पहिले आलात ते ठीक, पण एलसी ओरिजनल आहे ना?” आणि विनोबांना तर जाळण्याचंही समाधान मिळालं नसतं. चुलीत घातलेल्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये जशाच्या तशा राहिल्या असत्या. वैराग्याचीही सोय राहिलेली नाही.

शेवटचा आक्षेप निराशावाद्यांचा: हे असंच चालायचं, कागद काही कमी होत नसतात. होतात, आणि आपल्या डोळ्यांदेखत झाले आहेत. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा आदेश २८ जून २०२४ ला निघाला. त्यात अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला होता. ऐन प्रवेशाच्या हंगामात बहिणी आणि विद्यार्थी एकाच सेतू केंद्रापुढे उभे राहिले. मग काय झालं? जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सरकारनं सांगितलं, की अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. जो कागद सोमवारी अत्यावश्यक होता तो शुक्रवारपर्यंत अनावश्यक ठरला आणि राज्य जागच्या जागी उभं राहिलं. विद्यार्थ्यांचं दुर्दैव इतकंच, की ते बारावीला असतात तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं मतदार यादीत नाव लागलेलं नसतं.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. नवा कायदा नको, समिती तर मुळीच नको. प्रवेशाच्या यादीत प्रत्येक कागदापुढे तो कुठल्या नियमानं मागितला आहे तेवढा नियमाचा क्रमांक आणि तारीख छापावी. ज्याच्यापुढे काही छापता येत नाही तो कागद यादीतून काढावा आणि ‘इतर’ ही नोंद कायमची खोडावी. हे होईपर्यंत तुम्हीही एक करा. यादीबाहेरचा कागद कुणी मागितला तर वाद घालू नका, आवाज चढवू नका. ‘कुठल्या नियमाखाली हवाय, तेवढं लिहून द्या’ असं नम्रपणे म्हणा. लिहून द्यायचं म्हटलं, की त्यावर सही कुणी करायची हा प्रश्न आत उभा राहतो आणि पुष्कळदा कागदाची गरज तिथेच संपते. तो प्रश्न सुटेपर्यंत प्रवेशाची शेवटची तारीख उलटत नाही ना, एवढं मात्र बघा.